प्लग-इन हायब्रिड आणि कॅरॅव्हॅन घेऊन युरोपात: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी आइंडहोव्हनला, मुलगा म्युनिकला, आणि यंदा सुट्टीत सगळ्यांनी मिळून गाडीने फिरायचं, असा बेत पुण्यातल्या बऱ्याच घरांत शिजत असतो. तिकडे घरी प्लग-इन हायब्रिड गाडी असते, कुणाकडून तरी कॅरॅव्हॅन मिळणार असते, आणि मग प्रश्न सुरू होतात. बहुतेक जण आधी बॅटरीबद्दल विचारतात. माझं कळकळीचं सांगणं असं की आधी लायसन्स आणि वजनाचा हिशेब करा, बॅटरीचं नंतर बघू. म्हणून खालचा क्रमही तसाच आहे.

१. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटरहोमच ना? आणि आमची हायक्रॉस प्लग-इन आहे का?

नाही आणि नाही. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं. कॅरॅव्हॅनला नसतं, ती गाडीमागे जोडून ओढायची. आपल्याकडे दोन्हींना सरसकट कॅरॅव्हॅन म्हणतात, त्यामुळे बुकिंग करताना नेमकं काय मिळणार ते विचारून घ्या.

इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, होंडा सिटी ई-एचईव्ही यांची हायब्रिड मॉडेलं स्ट्राँग हायब्रिड आहेत. त्यांची छोटी बॅटरी चालता चालता भरते, तिला प्लग लावता येत नाही. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी बरीच मोठी, साधारण १० ते २० युनिटांची असते. ती घरच्या विजेवर भरते आणि तेवढ्यावर गाडी काही अंतर पेट्रोल न जाळता चालते.

२. पुण्याहून स्वतःचीच गाडी घेऊन गेलो तर?

हौस मोठी असेल तर जाता येतं, पण कॅरॅव्हॅनच्या सहलीसाठी तो मार्ग नाही. जमिनीवरून पाकिस्तान ओलांडता येत नाही. तिबेट-चीनमार्गे जायचं तर परवाने आणि सोबत स्थानिक गाइड लागतो. वाटेतल्या कित्येक देशांसाठी कार्नेट, म्हणजे गाडीचा कस्टम्सचा हमीपत्रासह पासपोर्ट, काढावा लागतो. गाडी जहाजाने पाठवली तरी ती उजव्या स्टिअरिंगची, आणि तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करताना मागे कॅरॅव्हॅन असेल तर त्यात धोका आहे. तिकडचीच गाडी वापरा.

३. पुण्याचं लायसन्स तिकडे चालतं का?

पर्यटक म्हणून जाताना सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवरून होतो, फी १,००० रुपये. पासपोर्ट आणि चालू लायसन्स लागतं. पुण्याचं लायसन्स असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, पिंपरी-चिंचवडचं असेल तर तिथलं. परमिट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढ्यापुरतंच. मूळ लायसन्स घरी ठेवून नुसतं परमिट नेऊ नका, दोन्ही एकत्र दाखवावी लागतात.

२०२१ पासून व्हिसा हातात नसला तरी परमिटचा अर्ज करता येतो, पण व्हिसाही लवकर करा (प्रश्न ८).

४. मग त्या परमिटवर मी कॅरॅव्हॅन ओढू शकतो का?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. विचारायला मात्र सगळ्यांनी हवा.

आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार निघतं. त्यात ‘बी’ वर्गाची व्याख्या छापलेली असते: चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनांची गाडी, आणि तिला ‘हलका ट्रेलर’ जोडता येतो. हलका म्हणजे कमाल वजन ७५० किलोपर्यंत. त्याहून जड ट्रेलरसाठी ‘ई’ वर्गाचा शिक्का लागतो. तो आपल्या नेहमीच्या कार-लायसन्सवरून निघालेल्या परमिटवर नसतो.

आता कॅरॅव्हॅनकडे बघा. दोन माणसांची अगदी छोटी कॅरॅव्हॅनसुद्धा सामानासह बहुधा ७५० किलोंच्या वर जाते, आणि चार माणसांच्या कुटुंबाची १,२०० ते १,५०० किलोंची असते. म्हणजे परमिटवर ‘बी’ असताना तुम्ही ती ओढलीत तर कागदोपत्री विनालायसन्स चालवल्यासारखं होतं. पोलिसांचा दंड ही त्यातली छोटी गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि तिकडे एका माणसाच्या दुखापतीची भरपाई आपल्या कल्पनेपलीकडची असते.

‘माझ्या मित्राने चालवली, कुणी अडवलं नाही’ हे मी खूप वेळा ऐकतो. कृपा करून त्यावर जाऊ नका. कॅरॅव्हॅन जोडलेली असताना स्टिअरिंगवर स्थानिक लायसन्सवाला, आणि कॅरॅव्हॅन कॅम्पसाइटवर सोडून नुसती गाडी फिरवताना तुम्ही, अशी वाटणी करा. सहलीतलं निम्म्याहून जास्त ड्रायव्हिंग तसंही कॅरॅव्हॅनशिवायच होतं.

५. मुलाकडे जर्मन लायसन्स आहे. मग प्रश्न मिटला?

लायसन्सवरचा वर्ग बघा. युरोपीय ‘बी’ वर गाडी आणि ७५० किलोंहून जड ट्रेलर मिळून एकूण कमाल वजन ३,५०० किलोपर्यंत चालतं. ‘बी९६’ वर ही मर्यादा ४,२५० किलो होते. ‘बीई’ वर ट्रेलर एकटाच ३,५०० किलोंपर्यंत चालतो.

प्लग-इन हायब्रिड इथे आडवी येते. बॅटरीमुळे गाडी मुळातच जड. समजा गाडीचं कागदावरचं कमाल वजन २,५०० किलो आहे. मग साध्या ‘बी’ वर कॅरॅव्हॅनसाठी उरतात फक्त १,००० किलो. हिशेब कागदावरच्या कमाल वजनाचा होतो, त्या दिवशी भरलेल्या सामानाचा नाही. ‘आम्ही रिकामीच नेतोय’ हे उत्तर चालत नाही.

त्यामुळे मुलाला आत्ताच ‘बी९६’ करायला सांगा. जर्मनीत त्यासाठी परीक्षा नसते, किमान सात तासांचं प्रशिक्षण पुरतं. नेदरलँड्समध्ये मात्र प्रॅक्टिकल परीक्षा आहे.

मुलगा नुकताच तिकडे राहायला गेला असेल तर आणखी एक गोष्ट. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय लायसन्स चालतं. पुढे लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावं लागतं. त्या सहा महिन्यांत कॅरॅव्हॅनचा बेत आखू नका.

६. आमची गाडी किती ओढू शकते हे कुठे बघायचं?

इंटरनेटवर नाही, गाडीच्या नोंदणीपत्रावर. युरोपीय संघात या रकान्यांची खूण सगळीकडे सारखी आहे: ओ.१ म्हणजे स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोंचा चालेल, ओ.२ म्हणजे बिनब्रेकचा. रकाना कोरा असेल तर त्या गाडीने काहीच ओढायचं नाही. मग मागे टो-बार (ट्रेलर जोडायचा दांडा) बसवून घेतला तरी उपयोग नाही.

प्लग-इन गाड्यांत फरक मोठा आहे. मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही आणि टोयोटा रॅव्ह४ प्लग-इन १,५०० किलो ओढतात. बीएमडब्ल्यू एक्स५ ४५ई तब्बल २,७०० किलो. एकाच मॉडेलची डिझेल गाडी जास्त ओढते आणि प्लग-इन कमी, असंही दिसतं. शेजाऱ्याची तीच गाडी दिसली म्हणून आकडा तोच धरू नका.

दुसरा आकडा टो-बारच्या गोळ्यावर उभा किती भार चालतो याचा. तो साधारण ७५ ते १०० किलो असतो. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या पेटीत गॅसची टाकी, पाण्याचे कॅन आणि वर तांदळाची पिशवी टाकली की तो सहज ओलांडला जातो. जड सामान चाकांच्या वर, खाली जमिनीलगत ठेवा.

७. गाडी आणि कॅरॅव्हॅन दोन्ही भाड्याने मिळतील का?

कॅरॅव्हॅन मिळते, गाडी अडते. भाड्याच्या गाड्यांना बहुधा टो-बार नसतो, आणि असला तरी करारात ट्रेलर ओढायला मनाई असते. करार नीट वाचा.

ज्यांचं तिकडे कुणी नाही त्यांना मी दोन मार्ग सुचवतो. पहिला, कॅरॅव्हॅन मालकानेच कॅम्पसाइटवर आणून उभी करून द्यायची आणि तुम्ही भाड्याची प्लग-इन गाडी घेऊन तिथे पोचायचं. असं करून देणारे बरेच आहेत. लायसन्सचा सगळा गुंता (प्रश्न ४) त्यामुळे संपतो. दुसरा, ३,५०० किलोंपर्यंतचं मोटरहोम, जे ‘बी’ वर्गात बसतं. एकाच तळावर, म्हणजे कॅम्पसाइटवर, चार-पाच दिवस राहून आसपास फिरायचं असेल तर पहिला मार्ग जास्त सुखाचा.

नातेवाइकांची गाडी वापरणार असाल तर विम्यात तुमचं नाव चालक म्हणून घालून घ्या. अनेक पॉलिसींमध्ये फक्त घरातल्या ठरावीक माणसांनीच चालवायची अट असते.

८. पाच देश फिरायचेत. व्हिसा कुठल्या देशाचा घ्यायचा?

जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाचा. दिवस समान असतील तर जिथे आधी उतरणार त्याचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मर्यादा सगळ्या शेंगेन देशांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांना, मिळून आहे. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून त्यात धरला जातो. पूर्वी तिथे जाऊन दिवस ‘वाचवता’ यायचे, आता येत नाहीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

कॅम्पसाइटचं बुकिंग राहण्याचा पुरावा म्हणून जोडता येतं. नातेवाइकांच्या गाडीने फिरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र आणि तारीखवार मार्ग जोडा, म्हणजे अर्जात हॉटेलं का नाहीत हे वाचणाऱ्याला कळतं.

९. कॅरॅव्हॅन जोडल्यावर बॅटरीवर किती जाते? वाटेत चार्ज करत करत जाऊ का?

एकट्या गाडीच्या निम्मं धरा, कधी त्याहूनही कमी. मागे उंच, सपाट भिंत ओढल्यावर हवेचा विरोध प्रचंड वाढतो. ब्रोशरमधला ‘लिटरला इतके किलोमीटर’ हा आकडा तर विसरूनच जा. तो भरपूर चार्जिंग गृहीत धरून काढलेला असतो.

हायवेवर चार्जिंगसाठी थांबू नका. तिथले बहुतेक चार्जर जलद डीसीचे असतात आणि बऱ्याच प्लग-इन हायब्रिडना ते जोडताच येत नाहीत. त्यांना टाइप २ चा एसी प्लग लागतो आणि भरायला काही तास जातात. शिवाय जागा एका गाडीपुरती, म्हणजे कॅरॅव्हॅन सोडून ठेवावी लागते. लांबच्या टप्प्याला ही गाडी पेट्रोलची आहे असंच समजा. प्लग-इन मॉडेलमध्ये बॅटरीसाठी जागा काढताना पेट्रोलची टाकी अनेकदा लहान केलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

बॅटरीचे खरे उपयोग दोन: घाट (प्रश्न १०) आणि तळावरून रोजची भटकंती. सकाळी गावात पाव आणायला, दुपारी तळ्याकाठी, संध्याकाळी जुन्या गावठाणात. या सगळ्याला पेट्रोल लागतच नाही. प्लग-इन गाडीचा खरा आनंद तिथे आहे.

१०. आल्प्सच्या घाटात ही गाडी दमणार नाही ना?

बॅटरी रिकामी करून पायथ्याशी पोचलात तर दमेल. कागदावरची एकूण ताकद इंजिन आणि मोटर मिळून असते. बॅटरी संपली की जड गाडी आणि कॅरॅव्हॅनचा भार मुख्यतः इंजिनावर येतो, आणि ते अनेकदा लहानच असतं.

इन्सब्रुक ते ब्रेनर खिंड घ्या. इन्सब्रुक सुमारे ५७५ मीटरवर, ब्रेनर १,३७० वर. चढ ८०० मीटरांचा, म्हणजे खोपोलीहून लोणावळ्याला येताना आपण जेवढे वर चढतो त्याच्या जवळजवळ दीडपट. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून ३,५०० किलो असतील तर एवढं वजन नुसतं वर उचलायला साडेसात युनिट ऊर्जा लागते. हवेचा विरोध वेगळा. म्हणून सपाट रस्त्यावर ‘होल्ड’ किंवा ‘सेव्ह’ मोड लावा, पायथ्याशी निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक ठेवा आणि चढावर ती वापरू द्या.

उलट बाजूचा धोका मात्र कमी लोकांना माहीत असतो. माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर मोटर वीज परत साठवू शकत नाही. बराचसा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. ब्रेनरहून बोल्झानोपर्यंत रस्ता १,१०० मीटर खाली येतो. त्यातली काही ऊर्जा हवेतच जाते, पण उरलेली घ्यायला बॅटरीत जागा हवी. म्हणून चढताना ‘चार्ज’ मोड लावून इंजिनावर बॅटरी भरण्याचा मोह टाळा. चढावर बॅटरी खर्च करा, उतारावर कमवा.

उतारावर वेग आधीच कमी करून घ्या. कॅरॅव्हॅनचे ब्रेक ती गाडीला मागून ढकलू लागली की लागतात. सतत थोडे थोडे दाबून ठेवलेत तर तेही तापतात. थोडा वेळ नीट दाबा, सोडा, पुन्हा दाबा. स्टेल्व्हिओसारख्या वळणावळणांच्या खिंडीत कॅरॅव्हॅन नेऊच नका. ती खाली तळावर ठेवा आणि गाडी घेऊन वर जा.

११. कॅम्पसाइटवर रात्री गाडी चार्ज करू का? वीज तर भाड्यात धरलेलीच असते.

आधी ऑफिसात विचारा. बऱ्याच तळांवर पिचच्या, म्हणजे आपल्याला दिलेल्या जागेवरच्या, विजेवर गाडी भरायला मनाई असते किंवा वेगळे पैसे घेतात. न विचारता लावणं बरोबर नाही, आणि त्याने शेजाऱ्यांचीही वीज जाऊ शकते.

परवानगी मिळाली तर अँपिअर बघा. पिचवरच्या निळ्या तीन पिनांच्या सॉकेटला ६, १० किंवा १६ अँपिअर मिळतात. ६ म्हणजे १,३८० वॉट, १० म्हणजे २,३०० आणि १६ म्हणजे ३,६८०. एकटी पाण्याची किटली २,००० वॉट खाते. ६ अँपिअरवर गाडी भरायला लावली तर कॅरॅव्हॅनसाठी काहीच उरत नाही, आणि १३ युनिटांची बॅटरी भरायला दहा तासांच्या वर जातात. १० अँपिअर असतील तर गाडीच्या केबलवर ६ चा पर्याय निवडा, रात्री जेवणं झाल्यावर लावा आणि तेव्हा किटली, हीटर बंद ठेवा.

दोन गोष्टी कधीही करू नका. कॅरॅव्हॅनच्या आतल्या सॉकेटमधून गाडी भरू नका, तिथलं वायरिंग तासन्‌तास एवढा भार घ्यायला केलेलं नसतं. आणि रिळावरची वायर गुंडाळलेली ठेवून वापरू नका. ती तापते आणि वितळते. पूर्ण उलगडा. २.५ चौरस मिलिमीटरची, २५ मीटर लांबीची केबल असावी.

१२. वेग आणि टोल कसा? फास्टॅगसारखं काही आहे का?

सगळीकडे चालेल असा एकच टॅग नाही. वेगमर्यादाही कॅरॅव्हॅन जोडली की बदलते. जर्मनीत ८०. कॅरॅव्हॅन आणि गाडीचं वजनाचं प्रमाण, सहा वर्षांहून नवे टायर वगैरे अटी पाळून शिक्का घेतला असेल तर मोटरवेवर १००. नेदरलँड्समध्ये ९०, इटलीत मोटरवेवर ८०.

स्वित्झर्लंडचं वर्षाचं विन्येट, म्हणजे मोटरवे वापरायचा शिक्का, ४० फ्रँकचं. कॅरॅव्हॅनला दुसरं, वेगळं घ्यावं लागतं, आणि इथे बरेच जण चुकतात. ऑस्ट्रियात गाडीचं एकच पुरतं, पण ब्रेनरच्या मोटरवेचा टोल त्याशिवाय भरावा लागतो. इटलीत नाक्यावर अ‍ॅक्सल मोजून पैसे घेतात, त्यामुळे कॅरॅव्हॅनसह टोल वाढतो. जर्मनीत कारला टोल नाही.

१३. हायब्रिड आहे म्हणजे जुन्या शहरांत कुठेही जाता येईल ना?

नाही. इटलीतल्या झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या, भागांत परवानगी असलेल्या गाड्याच जातात, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड घरपोच येतो. बॅटरीवर चालवत होतो म्हणून तो माफ होत नाही. बऱ्याच जर्मन शहरांत हिरवा पर्यावरण-शिक्का काचेवर लागतो. कॅरॅव्हॅन शहरात नेऊच नका. बाहेरच्या तळावरून ट्राम किंवा बस घ्या.

१४. आई-बाबा मागे कॅरॅव्हॅनमध्ये पडून येऊ शकतील का?

अजिबात नाही. जर्मनीत चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसायला कायद्याने मनाई आहे, आणि जिथे नियम वेगळा असेल तिथेही हे करू नये. आत बेल्ट नाहीत, वरची कपाटं उघडतात. गाडीत सगळ्यांना बेल्टची जागा हवी. जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरहून बुटक्या मुलांना चाइल्ड सीटही लागते. मागच्या सीटवर दोन चाइल्ड सीट बसवल्या की मध्ये आजी मावत नाही. हे घरीच बसून बघा. ज्येष्ठ सोबत असतील तर दिवसाला तीन-चार तासांहून जास्त गाडी चालवू नका.

१५. स्वयंपाकाचं काय? घरून काय नेता येतं?

पोहे, भाजणी, मेतकूट, मसाले, डाळ-तांदूळ, भाकरवडी खुशाल न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा घरी ठेवा. आंबेही नाही. फळांपैकी केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच बिनाप्रमाणपत्र चालतात. हापूसची पेटी लेकीसाठी न्यायचा मोह मला समजतो, पण ती विमानतळावरच फेकून द्यावी लागेल.

शेगडी गॅसची असते. छोटा कुकर चालतो, पण आपला रेग्युलेटर तिकडच्या सिलिंडरला बसत नाही, आणि तिकडेही देशागणिक सिलिंडर वेगळे. गाडी चालताना गॅस बंद. इंडक्शन नेणार असाल तर प्रश्न ११ मधले वॉट आधी वाचा. फोडणी देताना छताची खिडकी उघडा, आणि शक्यतो बाहेर तंबूखाली द्या. कॅरॅव्हॅन दुसऱ्याची असते, आणि हिंगाचा वास गाद्यांतून महिनोन्‌महिने जात नाही.

१६. मे महिन्यात जाऊ का? मुलांना तेव्हाच सुट्टी असते.

जा, मे उत्तम. तिकडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी लागलेली नसते, तळ रिकामे आणि स्वस्त असतात. फक्त गॉटहार्ड खिंडीसारखे २,१०० मीटरवरचे रस्ते तेव्हा अनेकदा बर्फामुळे बंदच असतात. खालचा १७ किलोमीटरचा बोगदा वर्षभर चालू असतो. रात्री गारठा असतो, म्हणजे हीटर लागतो, म्हणजे गाडी भरायला वीज कमी उरते.

१७. वेगात कॅरॅव्हॅन डोलायला लागली तर?

अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. उलट दिशेला स्टिअरिंग फिरवून सावरायला जाऊ नका आणि वेग वाढवून ती ‘ताणायचा’ प्रयत्न तर मुळीच करू नका. शांत झाली की पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान बघा. मागच्या बाजूला जड काही ठेवलंय का? टायरमध्ये हवा कमी आहे का? बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

१८. तळ न घेता रस्त्याकडेला रात्र काढली तर?

देशागणिक वेगळं. जर्मनीत चालक थकला असेल तर सार्वजनिक पार्किंगमध्ये एक रात्र विश्रांती घेता येते, पण खुर्च्या-टेबलं बाहेर मांडता येत नाहीत. क्रोएशियात तळाबाहेर मुक्कामाला बंदी आहे आणि दंड होतो. ज्येष्ठ किंवा लहान मुलं सोबत असतील तर तळच घ्या, तिथे गरम पाणी आणि स्वच्छ संडास असतात.

१९. गाडी बंद पडली तर कॅरॅव्हॅनचं काय होतं?

मदतसेवेच्या करारात कॅरॅव्हॅनचा उल्लेख नसेल तर गाडी उचलून नेतात आणि कॅरॅव्हॅन तुमच्यापाशी राहते. निघण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: कॅरॅव्हॅन ओढून नेण्याची सोय आहे का, दुसऱ्या देशातही आहे का, आणि बदली गाडीला टो-बार मिळेल का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. तेव्हा कॅरॅव्हॅन जवळच्या तळावर पोचवून द्यायला सांगा, आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत तिथेच मुक्काम करा. आपत्कालीन क्रमांक सगळीकडे ११२. गाडीतून उतरण्याआधी चमकणारं जॅकेट अंगात घाला. ते डिकीत ठेवू नका, सीटजवळ ठेवा.